उजव्या डोळ्याची चुरचुर

माझा उजवा डोळा वाचला तो एका समारंभामुळे, हे कबूल करणं मला अजूनही जड जातं. समारंभांविषयी माझं मत फारसं बरं नाही. मी महाविद्यालयात इतिहास शिकवते. राजेमहाराजांच्या स्वाऱ्या आणि दरबार इतके वाचून झालेत की शाल, नारळ आणि कापायची फीत एकत्र दिसली की मला आपोआप जांभई येते.

तर आमच्या महाविद्यालयात नेत्रतपासणी शिबिर होतं. प्रमुख पाहुणे नंदुरबारातलेच एक पुढारी. ते इतक्या उशिरा आले की तोवर विद्यार्थी कंटाळून मागच्या शेडमध्ये पोहे खायला निघून गेले होते. दीपप्रज्वलनाच्या वेळी पंख्याच्या वाऱ्याने वाती विझायला लागल्या म्हणून पंखा बंद केला. पाहुण्यांना घाम फुटला म्हणून पुन्हा सुरू केला. शेवटी दिवा विझलेलाच राहिला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग पाहुण्यांनी डोळ्यांचं महत्त्व सांगितलं. भाषणभर त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता.

भाषण संपल्यावर त्यांच्याबरोबरचा फोटोग्राफर म्हणाला, "प्रत्यक्ष तपासणीचा एक फोटो पाहिजे. पेशंट कुठंय?"

पेशंट पोहे खात होते. हारतुऱ्यांची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे मी जवळच उभी होते. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुम्हीच बसा ना जरा." मी बसले. यंत्राच्या पट्टीवर हनुवटी टेकवली. पलीकडे आमच्याच गावातली एक तरुण नेत्रतज्ज्ञ बाई होती. ती सकाळपासून आपल्या यंत्राशेजारी मुकाट बसून होती. तिने माझ्या डोळ्यात प्रकाश टाकला. फोटो निघाले, पाहुणे उठले, गाड्यांचे दरवाजे धडाधड लागले, मंडपवाला खुर्च्या गोळा करायला लागला. ती मात्र अजून माझ्या डोळ्यात बघत होती.

"मॅडम, तुम्ही डोळे चोळता का?"

नंदुरबारात हा प्रश्न म्हणजे तुम्ही श्वास घेता का असं विचारण्यासारखं आहे. हंगामात गावाबाहेर पथाऱ्या पडतात. मोकळ्या रानात नजर जाईल तिथवर लाल मिरची वाळत घातलेली असते. बाहेरगावचे लोक येऊन तिचे फोटो काढतात. आम्ही डोळे चोळतो. माझं माहेर पथाऱ्यांजवळच्या गल्लीतलं, आणि लग्न होऊन मी गेले तेही मिरचीच्याच घरात. सासऱ्यांची स्वतःची पथारी आहे, घराच्या मागच्या अंगाला. माझे डोळे लहानपणापासून खाजरे. सकाळी उठल्यावर, वाचून झाल्यावर, विचार करताना, मी तळहाताच्या उंचवट्याने डोळे असे काही रगडत असे की त्याचं मला सुख वाटे.

"चोळते," मी म्हणाले.

"आज संध्याकाळी दवाखान्यात या. आणि तोपर्यंत चोळू नका."

दवाखान्यात तिने डोळ्यांचे नकाशे काढले. बुबुळावर एक पारदर्शक काच असते, डॉक्टर तिला कॉर्निया म्हणतात. तिच्या उंचसखलपणाचा हा नकाशा. शाळेतल्या नकाशात सातपुडा तपकिरी आणि तापीचं खोरं हिरवं असतं, तसंच इथे होतं. माझ्या दोन्ही डोळ्यांत मधोमध एकेक लाल डोंगर उभा होता.

"हा असायला नको," ती म्हणाली. "काच पातळ होत चाललीय आणि पुढे येतेय. सारखं चोळून आणखी. चष्म्याचा नंबर दरवर्षी बदलतो ना?"

बदलत होता. मी चष्मेवाल्याला दोष देत होते.

तिने सगळं न घाबरवता सांगितलं, पण काही लपवलंही नाही. डावा डोळा फार पुढे गेला होता. त्याच्यावर आता इलाज करता येणार नव्हता, कधीतरी दुसऱ्या कोणाची दान केलेली काच बसवणं एवढाच मार्ग. उजवा अजून काठावर होता. आज ना उद्या त्याचाही डोंगर वाढेल आणि पुस्तकातली अक्षरं एकमेकांवर चढतील. ते थांबवायचं तर त्वरा करायला हवी. लेझरने वरची कातडी काढून डोंगराचा माथा किंचित घासायचा, मग त्यावर एका जीवनसत्त्वाचे पिवळे थेंब घालून जांभळ्या प्रकाशाखाली ठेवायचं, म्हणजे काचेतले धागे एकमेकांना बांधले जातात आणि ती ताठ होते.

"काठावर म्हणजे?"

"काचेच्या सगळ्यात आतल्या बाजूला पेशींची एकच ओळ असते. काचेत पाणी साचू नये म्हणून ती राबत असते. बाकी सगळ्या पेशी गेल्या तर परत येतात, ही ओळ येत नाही. काच पुरेशी जाड असेल तर तो प्रकाश तिथपर्यंत पोचत नाही. तुमच्या डाव्याची नाहीये. उजव्याची आहे, आज आहे. आणखी वर्षभराने असेलच असं नाही."

डाव्या डोळ्याने मी तोवर दाराची चौकट आणि खिडकी एवढंच ओळखत होते. म्हणजे माझं सगळं वाचन, पेपर तपासणं, फळ्यावरचं लिहिणं, सगळं त्या उजव्या डोळ्यावर आलं होतं आणि तो काठावर होता. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा नवऱ्याने फक्त माझा हात डोळ्याकडे जात होता तो धरून खाली ठेवला.

सासूबाई मात्र आपल्या खानदेशी बोलीत बोलल्या. "डोयामा डोंगर? मिरचीनी धूयमा आमना बठ्ठासना जनम गया, आमले काही व्हयनं नही!" त्यांच्या स्वरात काळजी होती तशी थोडी व्यावसायिक दुखावलेपणाची छटाही होती, जणू मी मालाबद्दल तक्रार केली होती.

ऑपरेशन सुरतेला झालं. आमच्याकडे मोठं दुखणं काढायचं तर लोक गाडीत बसून सुरतेला जातात. सासऱ्यांनी तोवर पथारीवर येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला सांगितलं होतं, "सूनबाईंचं लेझर आहे." लेझर हा शब्द ते असा उच्चारत की ऐकणारा पागोटं सावरून बसे. प्रत्यक्षात लेझर इतका थोडा वेळ चाललं की मी घाबरायला सुरुवात करेपर्यंत ते संपलं. जळालेल्या केसासारखा वास आला तेवढाच. खरं काम त्यानंतरचं होतं. पिवळे थेंब, जांभळा प्रकाश, पुन्हा थेंब. छताकडे बघत पडून राहायचं. त्यात भव्यदिव्य असं काही नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी डोळ्यावर एक मऊ पारदर्शक भिंग बसवलं, जखमेवर पट्टी बसवतात तसं, आणि म्हणाले, "मेरा काम हो गया. बाकी अब आपके सेल करेंगे."

आपलं काम झालं की बाजूला होणारा माणूस मी बऱ्याच दिवसांनी पाहत होते.

पण जखम भरेपर्यंत राहायचं कुठे? हंगाम ऐन भरात होता. आमच्या घराच्या मागच्या खिडकीतून वारा यायचा तो मिरचीवरूनच. सासूबाईंनी प्रश्न एका वाक्यात सोडवला. "मन्हा माहेरले चाल. रनाळाले. तठे मिरची नही, कपाशी शे. कपाशी डोयामा जात नही."

अशी मी सासूच्या माहेरी बाळंतिणीसारखी जाऊन पडले. रनाळ्याला त्यांचे भाऊ राहतात, माझे मामेसासरे. मोठं शेत, मोठं अंगण, मागे गोठा. मला आतली काळोखी खोली दिली. पहिले दोन दिवस जे दुखलं त्याला नंदुरबारकराला उपमा शोधायची गरज नाही. ज्याच्या डोळ्यात मिरचीची पूड गेलीय त्याला सांगितलं की पुरे. काचेत जितके मज्जातंतू असतात तितके बोटाच्या टोकालाही नसतात म्हणे, आणि ते सगळे उघड्यावर पडले होते.

त्या अंधारात मला नंदुरबारच्या डॉक्टरणीने जाण्यापूर्वी सांगितलेलं आठवत राहायचं. काचेवरची कातडी काढली की भोवतीच्या काठावरच्या पेशींना लगेच कळतं. त्या चपट्या होतात, खालची पकड सोडतात आणि सगळ्या बाजूंनी मध्याकडे सरकायला लागतात. एकमेकींचा हात न सोडता, एका चादरीसारख्या. त्यांच्या मागे, बुबुळाच्या कडेला जिथे पांढरं सुरू होतं, तिथे नव्या पेशी तयार होत राहतात आणि पुढच्यांना ढकलतात. मधे येऊन भेटल्या की थांबतात. मग थर वाढवतात. पण मुळं धरायला त्यांना वेळ लागतो. सुरुवातीला ही नवी कातडी ओल्या भिंतीवरच्या रंगासारखी असते. बोट लावलं तर निघून येईल. "म्हणून," ती म्हणाली होती, "काहीही झालं तरी चोळायचं नाही."

त्या पेशींचा मला अभिमान वाटायला लागला. आपल्यात इतकी शिस्तीची मंडळी राहतात आणि आपण त्यांना कधी विचारलंही नाही.

घरात माझ्यासाठी आणखी एक गोष्ट बंद झाली होती. फोडणी. धूर नको म्हणून सासूबाईंनी भावजयीच्या चुलीचा ताबा घेतला आणि सगळ्या घराला फिकी डाळ आणि मऊ भात खायला लावला. खानदेशात एखाद्या घराने एवढा त्याग केल्याचं माझ्या वाचनात नाही. मामा ताटावर बसले की आतपर्यंत ऐकू यायचं.

"आक्का, दाय शे का पानी शे हाई?"

"तिन्हा डोया बरा व्हवू दे, मंग खाय तिखं!"

"डोया तिन्हा, आनी तोंड मन्हं का बंद?"

"तुन्हं तोंड बंद व्हयनं ते गावले सुख लागी."

सासूबाई माहेरी आल्या की वेगळ्याच होतात हे मला तेव्हा कळलं. नंदुरबारच्या घरात त्या जपून बोलतात, कारण तिथे सासरे आहेत, व्यापारी आहेत, माणसं आहेत. इथे त्या भावाशी दिवसभर भांडायच्या आणि हसायच्या. माझ्या डोळ्यात थेंब त्याच घालायच्या. थेंब नेमका पडायचा. मी तोंडाने आभार मानले की म्हणायच्या, "गप बस."

आजाऱ्याला भेटायला जायचं हा आमच्याकडे धर्म आहे आणि लेझरवाल्या आजाऱ्याला भेटायला जायचं हा तर मान. सारं गाव येऊन गेलं. प्रत्येक जण खाटेशी वाकून माझा काळा चष्मा जरा वर करायला सांगायचा, डोळ्यात बघायचा आणि निराश व्हायचा. "काहीच दिखत नही व. चांगला ते शे." लोकांना बहुतेक टाके अपेक्षित होते.

आणि मग एका दुपारी ते पुढारी आले. शिबिरात सापडलेली पेशंट मी, हे त्यांना कुठूनतरी कळलं होतं. दोन गाड्या, चार माणसं, तोच फोटोग्राफर. त्यांनी मला शाल पांघरली. खाटेवर पडलेल्या माणसाला शाल पांघरली की तो सत्कार वाटत नाही, वेगळंच काहीतरी वाटतं, हे माझ्या लक्षात आलं.

"ताई, हे आपल्या शिबिराचं यश आहे," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे काळ्या चष्म्यातून बघितलं. त्यांनी माझ्याकडे काळ्या चष्म्यातून बघितलं. आणि मला जाणवलं की ते बरोबर बोलतायत. त्यांना फोटोची हौस नसती तर मी त्या यंत्रासमोर कधीच बसले नसते. मी म्हणाले, "खरंच आहे. आभारी आहे." मनापासून म्हणाले. त्यांना ते नेहमीचंच वाटलं असावं.

ते गेले तशा सासूबाई अस्वस्थ झाल्या. दिवेलागणीला माझ्या खाटेशी येऊन बसल्या.

"आज किती लोके ई ग्यात! बठ्ठा तुन्हा डोयालेच देखी ऱ्हायनात. चांगला शे, चांगला शे. नजर लागनार नही ते काय व्हई?"

दृष्ट लागते असं मी मानत नाही. पण कोणीतरी आपल्याभोवती मूठ ओवाळावी, आपल्यासाठी पुटपुटावं, याला मी कधी विरोधही केलेला नाही. पुस्तकं वाचलेल्या माणसालाही ते आवडतं. मीठमोहरी असेल असं मी धरून चालले. "काढा," म्हणाले आणि डोळे मिटून, उगवतीकडे तोंड करून बसले.

त्यांनी मूठ ओवाळली. "घरन्यानी, दारन्यानी, उनागयानी, जी लागनी व्हई ती जयी जावो..." आल्यागेल्या सगळ्यांची नजर अशी जळायला सांगताना त्यांच्या बांगड्या माझ्या कानाशी वाजत होत्या. मग त्या दाराशी ठेवलेल्या शेगडीकडे वळल्या आणि मूठ निखाऱ्यांवर टाकली.

मुठीत मीठमोहरी होती. आणि आमच्या पथारीवरच्या सुक्या मिरच्याही होत्या. रनाळ्याला मिरची नाही हे त्यांना माहीत होतं म्हणून निघतानाच त्यांनी पदराच्या गाठीत बांधून आणल्या होत्या. आणि दुसऱ्याच्या पथारीवरच्या मिरचीने सुनेची दृष्ट काढणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं म्हणून निवडून, तिखटातल्या तिखट आणल्या होत्या. दृष्ट म्हटली की मिरच्या आल्याच. त्यांच्या आईने तशीच काढली, सासूने तशीच काढली. फोडणी म्हणजे स्वयंपाक, आणि ही दृष्ट. या दोघींचा धूर एकच असतो हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. माझ्याही नाही.

क्षणभर काही झालं नाही. मग खोलीतली हवाच बदलली. मामा अंगणातून खोकायला लागले. गोठ्यात म्हैस फुरफुरली. माझ्या नाकात, घशात, दोन्ही डोळ्यांत आग उतरली आणि डोळ्यांतून पाण्याचा लोंढा सुटला. आणि माझे हात उठले. तळहाताचे ते दोन उंचवटे, जन्मभराच्या सवयीने, थेट डोळ्यांकडे.

ते पोचले नाहीत. सासूबाईंनी झडप घालून माझी दोन्ही मनगटं धरली. त्या माझ्यापेक्षा बोटभरही उंच नाहीत, पण पोती उचललेल्या हातांची ती पकड होती. "चोयू नको! चोयू नको व माय! चोयू नको!" मी हिसका दिला. त्यांनी माझे हात आपल्या मांडीखाली दाबले, माझं डोकं पदरात घेतलं आणि भावावर ओरडल्या, "बाहेर फेक ती शेगडी!" त्या स्वतः खोकत होत्या, त्यांचे डोळे वाहत होते, पण त्यांनी ते पुसायलाही हात सोडले नाहीत.

धूर निवळला तेव्हा माझ्या गालावर काहीतरी चिकटलेलं होतं. माशाच्या खवल्यासारखं, पातळ. डोळ्यावरचं ते भिंग पाण्याबरोबर वाहून आलं होतं.

सासूबाईंनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, डोळाच निघाला.

मामांनी गाडी काढली. रनाळ्याहून नंदुरबारपर्यंत मी डोळा मिटून बसले होते आणि सासूबाई माझी मनगटं धरून. गावात शिरताना पथाऱ्यांजवळ त्यांनी न बोलता काचा वर केल्या आणि माझं तोंड पुन्हा पदराने झाकलं. मी आत एकच विचार करत होते. कुठपर्यंत पोचली असेल ती चादर? मधे अजून उघडं असेल आणि त्यात काही गेलं असेल, तर तिथे डाग राहणार, आणि तो नेमका मधोमध, जिथून अक्षरं आत येतात तिथे.

डॉक्टरणीने दवाखाना बंद करायला घेतला होता. तिने काही विचारण्याआधी मला यंत्रासमोर बसवलं, डोळ्यात रंगाचा एक थेंब घातला आणि निळा प्रकाश लावला. जिथे कातडी नसते तिथे तो रंग हिरवा चमकतो. ती बघत राहिली. या बाईचं बघत राहणं मला आता माहीत होतं आणि त्याची भीती वाटत होती.

"कसं झालं हे?"

"फोडणीचा धूर लागला," मी म्हणाले.

मागून सासूबाई म्हणाल्या, "फोडनी नही व, डॉक्टरीनबाई. मी मिरच्या जायी. हिन्ही नजर काढी."

डॉक्टरीण यंत्रामागून सरळ झाली. ती याच गावातली. तिची दृष्ट लहानपणी कशाने काढली असेल ते आम्हा तिघींनाही ठाऊक होतं.

"डोळा चोळला का?"

"मी चोयू दिन्हा नही," सासूबाई म्हणाल्या आणि पुरावा म्हणून माझी मनगटं वर करून दाखवली. त्यांच्या बोटांचे लाल वळ उमटले होते.

तेव्हा ती हसली. "बंद झालंय. मधोमध एक बारीक रेघ दिसतेय, चारी बाजूंनी येऊन भेटल्यात तिथे. कच्ची आहे अजून. चोळला असता तर ती चादर गोळा होऊन हातात आली असती आणि आज मी वेगळं बोलले असते. काकू, पुढच्या वेळी मीठमोहरीवर भागवा."

सासूबाई खुर्चीवर बसल्या. बराच वेळ पदराने तोंड पुसत राहिल्या. मग त्यांना काहीतरी आठवलं.

"खोकला ते बठ्ठासले वना. म्हंजे नजर नव्हतीच."

मिरच्यांचा ठसका लागला तर दृष्ट नव्हती, लागला नाही तर होती, असा तो नियम आहे. म्हणजे पुढारी निर्दोष सुटले.

त्यानंतरचे महिने मिरवण्यासारखे नव्हते. वरची कातडी भरली तरी काचेच्या पोटात वेगळाच कारभार चालू होता. त्या प्रकाशाने तिथल्या पेशी मेल्या होत्या. आजूबाजूच्या पेशी त्यांच्या जागी येत होत्या आणि आल्या आल्या उत्साहाने नको तेवढी डागडुजी करत होत्या. निवडून आलेला नवा सदस्य जसा आधी बांधकाम काढतो तसं. त्या डागडुजीचं धुकं होतं. पुस्तकातली ओळ थंडीतल्या पहाटेच्या शेतासारखी दिसायची, आहे पण कुठे आहे ते नीट कळत नाही. त्यांना शांत करायला औषधाचे थेंब होते आणि उन्हात काळा चष्मा. उन्हाने त्या पुन्हा चेकाळतात म्हणून. मी काळा चष्मा लावून भाजीबाजारात जायचे आणि विद्यार्थी मला शिबिराच्या त्या पाहुण्यांच्या नावाने हाक मारायचे, तेही माझ्यामागे, पण ऐकू येईल एवढ्या अंतरावरून.

धुकं सावकाश विरलं. कुठल्या दिवशी विरलं ते सांगता येणार नाही. एकदा पेपर तपासताना एका विद्यार्थ्याने पानिपतची लढाई तापीकाठी झाल्याचं लिहिलेलं मला स्पष्ट वाचता आलं, आणि मी त्याला रागवायचं विसरले.

डॉक्टरणीने पुन्हा नकाशा काढला. लाल डोंगर होता, पण तेवढाच होता. किंचित बसलेलाच. "थांबलाय," ती म्हणाली.

सासूबाई प्रत्येक तपासणीला माझ्याबरोबर यायच्या. त्यांनी तो नकाशा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "हाई करं कोन्ही? सुरतना डॉक्टरनी, का तुमीन?"

"आम्ही थोडंसं. बाकी ह्यांच्या डोळ्यातल्या पेशींनी."

"मंग त्यासले काय देवानं?"

आमच्याकडे कोणी काही केलं की त्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. डॉक्टरणीने नकाशा परत घेतला. "त्यांना त्रास देऊ नका. एवढंच."

एक गोष्ट मात्र परत आली नव्हती. उजव्या डोळ्याला काही लागतच नव्हतं. वरचे मज्जातंतू लेझरबरोबर गेले होते, उरलेली टोकं सुरुवातीला दुखून मग मुकी झाली होती, आणि हे तंतू मुंगीच्या पावलांनी परत वाढतात. वाढतीलच पूर्ण, याची कोणी हमी देत नव्हतं. ज्या डोळ्याला टोचत नाही त्याला पाणी येत नाही, आणि कोरडा डोळा आपल्या नव्या कातडीला सांभाळू शकत नाही, म्हणून बाटलीतले थेंब चालूच होते. घरी कांदा चिरताना माझा डावा डोळा घळाघळा वाहायचा आणि उजवा कोरडा ठक्क. निरुपयोगी डोळा रडायचा आणि कामाचा बघत बसायचा. नवरा म्हणायचा, "अर्ध्याच तोंडाने रडतेस. दुखवट्याला गेलेल्या पाहुण्यासारखी." मी हसायचे, पण एकटी असताना कांदा उजव्या बाजूला धरून बघायचे. काही नाही.

मग पुढचा हंगाम आला. पथारीवर पहिला ओला माल उतरला, पसरला आणि वाळायला लागला. एका सकाळी मी सासूबाईंना चहा द्यायला मागच्या दाराने गेले. त्या बायकांबरोबर मिरची निवडायला बसल्या होत्या. वारा फिरला.

चुरचुरलं. आधी मला वाटलं डावा. मी डावा डोळा मिटला. तरी चुरचुरत होतं. मग पाणी आलं, आपलं आपण, गरम, उजव्या गालावरून.

सासूबाईंनी वर पाहिलं. "काय व्हयनं?"

"आई, चुरचुरतोय."

"कोनता?"

"उजवा."

हातातलं सूप तिथेच टाकून त्या उठल्या. माझे हात जागचे हलले नव्हते, पण त्यांनी त्याआधीच माझी मनगटं धरली होती. चहा त्यांच्या पायावर सांडला. आणि त्यांचे डोळे भरून आले, वारा त्यांच्या पाठीमागून येत असूनही.

आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. मला हसू येत होतं आणि दोन्ही डोळ्यांतून सारखं पाणी वाहत होतं, आणि मी ते पुसू शकत नव्हते कारण त्या हात सोडत नव्हत्या. मिरची निवडणाऱ्या बायकांपैकी एकजण शेजारणीला म्हणाली, "देख व, सकायसकाय सासूनी रडाई दिन्हं सूनले."

सासूबाईंनी ते ऐकलं. माझी मनगटं त्यांनी आणखी घट्ट धरली.